पथ्य, मात्रा आणि अंगण : आहारतज्ज्ञाच्या पेशाकडे मासवणहून पाहताना

सूर्या नदीच्या काठी, पालघर तालुक्यात मासवण हे गाव आहे. वसई-विरारच्या नळांना येणारे सूर्येचे पाणी इथून उपसले जाते, एवढीच या गावाची शहरी ओळख. एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी गेल्या पावसाळ्यात जाणे झाले. त्याची धाकटी बहीण पोषणशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन एका शहरातील इस्पितळात प्रशिक्षणार्थी म्हणून काम करीत होती आणि नोंदणीकृत आहारतज्ज्ञ होण्यासाठी द्यावयाच्या परीक्षेची तयारी करीत होती. सरावासाठी तिने आपल्या आजीलाच समोर बसवले होते. प्रश्न एकच : काल सकाळपासून आज सकाळपर्यंत काय काय खाल्ले? आहारशास्त्रात याला चोवीस तासांचे आहारस्मरण म्हणतात आणि व्यवसायाचा हा पहिला धडा असतो.

आजीने सांगितले, भात आणि डाळ. दोन्ही वेळा तेच. नातीने वहीत तांदळाच्या वाट्या मांडल्या, डाळीच्या मांडल्या, आणि उष्मांक, प्रथिने, लोह यांचे आकडे काढले. आकडे अर्थातच चिंताजनक होते. तेवढ्यात घरातील कोणीतरी सहज म्हणाले की, काल संध्याकाळी नदीवरून चिंबोऱ्या आणल्या होत्या त्याचे काय? मग हळूहळू निघत गेले. चिंबोऱ्यांचा रस्सा झाला होता, सकाळी टाकळ्याची भाजी झाली होती, शेतावर जाताना मूठभर सुका जवळा भाजून घेतला होता. आजीने यातले काहीही लपवले नव्हते. विचारणारी मुलगी शहरातून शिकून आलेली, हातात वही घेतलेली. अशा माणसाने ‘जेवण’ काय असे विचारल्यावर सांगण्याजोगी गोष्ट म्हणजे भात आणि डाळ, अशी तिची समजूत होती. ओढ्यातले, बांधावरचे, रानातले जे पोटात जाते ते वहीत लिहिण्याच्या लायकीचे असते, हे तिला आजवर कोणी सांगितलेच नव्हते.

परतताना त्या मुलीने विचारलेला प्रश्न मात्र मला सुटला नाही. ती म्हणाली, “सर, परीक्षा मी पास होईन. पण मी चुकीचे लिहिले असते, आणि ते कोणाला कळलेही नसते.” साहित्याच्या विद्यार्थ्याला ही अडचण अनोळखी वाटू नये. संहिता समोर असते आणि वाचणाऱ्याला ती वाचता येत नाही. आहारतज्ज्ञ हा पेशा आपल्याकडे कसा आला, कोणकोणत्या वाटांनी आला, आणि आजीची संहिता त्या वाटांवर कुठे हरवली, याचा थोडा मागोवा घ्यावा, असे त्या दिवशी वाटले. प्रस्तुत लेख त्यातूनच आला आहे.

१

आधी शब्दाकडे पाहू. इंग्रजीतील ‘डाएट’ हा शब्द ग्रीक ‘दिआइता’ या शब्दावरून आला. त्याचा अर्थ जगण्याची रीत असा व्यापक होता. त्यात झोप, श्रम, स्नान, अन्न हे सारे येत असे. मराठीत हा शब्द आला तेव्हा मात्र तो पार आक्रसलेला होता. ‘ती सध्या डाएटवर आहे’ या वाक्याचा अर्थ ‘ती कमी खाते’ असाच आपण घेतो. आपल्याकडचा ‘पथ्य’ हा शब्द मूळ अर्थाच्या अधिक जवळचा आहे. पथ म्हणजे मार्ग. त्या मार्गाला जे हितकर, मानवणारे, ते पथ्य. पथ्य कोणाचे, कोणत्या ऋतूत, कोणत्या व्याधीत, हे विचारल्याशिवाय ते सांगताच येत नाही. पदार्थ स्वतःहून पथ्याचा किंवा कुपथ्याचा नसतो, माणसाशी त्याचे जे नाते जुळते त्यावर ते ठरते.

या नात्याची नोंद ठेवणारी ग्रंथपरंपरा आपल्याकडे आहे. सतराव्या शतकातील रघुनाथ पंडितांच्या ‘भोजनकुतूहल’ या संस्कृत ग्रंथात पदार्थांसोबत त्यांचे गुणदोष येतात. छापखाना आल्यावर १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ आले. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ आले. इथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, पाककृती छापली गेली तशी ती एका घरातून सुटली. आईने मुलीला सांगायची गोष्ट कोणीही वाचावी अशी झाली. स्वयंपाकाचे ज्ञान घराबाहेर जाऊ शकते आणि त्याला लेखक असू शकतो, किंबहुना लेखिका असू शकते, ही कल्पना आधी रुजावी लागली. स्वयंपाकाच्या ज्ञानावर उपजीविका करणारी, पांढरा कोट घातलेली बाई त्यानंतरच कल्पिता आली.

परंतु पथ्य हे आधुनिक आहारशास्त्राचे एकच मूळ. दुसरे मूळ फार कोरड्या जागी आहे. ते दुष्काळी कामांच्या, तुरुंगांच्या आणि पलटणींच्या शिधापत्रकांत सापडते.

२

१८७६ ते ७८ या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी ठरवले की, दुष्काळी कामावरील पुरुष मजुराला दिवसाला एक पौंड, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम धान्य, आणि वर अल्प मजुरी पुरेशी आहे. मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी यास उघड विरोध केला. खडी फोडणाऱ्या माणसाचे शरीर एवढ्यावर टिकणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मुंबई इलाख्यातही मजुरी कापली गेली, तेव्हा मजुरांनी कामे सोडून निघून जाण्याचा मार्ग पत्करला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. याच टेंपलसाहेबांना १८७७ साली मुंबईचे गव्हर्नर करण्यात आले, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणायचा.

हा वाद आपल्या देशातील आहारमात्रेवरचा पहिला मोठा जाहीर वाद म्हणता येईल. माणसाला जगायला किती लागते, हा त्यातला प्रश्न. त्याचे उत्तर मात्र दोन निराळ्या हेतूंनी शोधले जात होते. एकाला किमान खर्चात माणूस मरू नये एवढेच पाहायचे होते. दुसऱ्याला माणूस काम करीत जगावा असे वाटत होते. हे दोन्ही हेतू पुढे आहारशास्त्राबरोबर चालत आले आहेत. आजही शासकीय योजनेतील ‘प्रति लाभार्थी’ खर्चाचा रकाना वाचताना टेंपल आणि कॉर्निश दोघेही आपल्या खांद्यावरून तो कागद पाहत असतात.

पाश्चात्त्य देशांत या सुमारास इस्पितळातले अन्न हा स्वतंत्र विषय होऊ लागला होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली शुश्रूषेवर लिहिलेल्या पुस्तकात रुग्णाच्या अन्नाला प्रकरणे दिली. अमेरिकेत १८९९ साली लेक प्लॅसिड येथे गृहअर्थशास्त्राच्या परिषदेत ‘डाएटिशियन’ ही संज्ञा रूढ करण्यात आली. १९१२ साली कासिमिर फुंक यांनी ‘व्हिटामिन’ ही कल्पना मांडली, ज्याला मराठीने पुढे ‘जीवनसत्त्व’ हा सुंदर शब्द दिला. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, क्लीव्हलंड येथे लेना कूपर आणि लुलू ग्रेव्हज यांच्या पुढाकाराने अमेरिकेतील आहारतज्ज्ञांची संघटना उभी राहिली. युद्धकाळात अन्न जपून वापरायचे होते आणि माणसेही. पेशाला निमित्त मिळाले ते असे.

३

भारतात प्रयोगशाळा आली ती निलगिरीच्या डोंगरात, कुन्नूरला. १९१८ साली रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी तिथे बेरीबेरी या रोगाच्या चौकशीसाठी काम सुरू केले. पुढे त्यांनी देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील लोकांचा आहार उंदरांना देऊन पाहिला. गहू, दूध, भाज्या यांवर पोसलेले उंदीर तगडे निघाले आणि सडलेल्या तांदळावरचे अशक्त. (इथे सडलेला म्हणजे कुजलेला नव्हे, कांडून पांढरा केलेला. आमच्या कोकणपट्टीत हे सांगावे लागणार नाही.) १९३५ साली तिथे वॉलेस आयक्रॉइड आले. १९३७ साली भारतीय अन्नपदार्थांची पोषणमूल्ये आणि समाधानकारक आहाराची आखणी यांवरची त्यांची पुस्तिका निघाली. पुढे कित्येक दशके देशातल्या प्रत्येक आहारतज्ज्ञाच्या टेबलावर त्या पुस्तिकेची पुढची पिढी असे. स्वातंत्र्याच्या सुमारास संस्थेची सूत्रे डॉ. व्ही. एन. पटवर्धन या मराठी शास्त्रज्ञाकडे आली. १९५८ साली ती हैदराबादला हलली आणि १९६९ साली राष्ट्रीय पोषण संस्था झाली.

या कोष्टकांचे महत्त्व कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. नाचणीत चुन्याचे प्रमाण किती, शेवग्याच्या पाल्यात काय असते, हे मोजून सांगितले गेले म्हणूनच नाचणी हे ‘गरिबांचे खाणे’ न राहता औषधाच्या चिठ्ठीवर येऊ शकले. आकड्याने पदार्थाला प्रतिष्ठा दिली. पण जो पदार्थ कोष्टकात नाही त्याचे काय? संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या नव्या कोष्टकांत ५२८ पदार्थ आहेत. हे काम प्रचंड आहे. तरीही पावसाळ्यात पालघरच्या आठवडी बाजारात एखाद्या आदिवासी बाईच्या टोपलीसमोर उभे राहिले की यादीच्या कडेला काय उरते याची जाणीव होते.

कुन्नूरच्या या इतिहासात एक मराठी स्त्री आहे आणि तिच्याकडे साहित्याच्या लोकांनी विशेष लक्ष द्यायला हवे. डॉ. कमला सोहोनी या माहेरच्या भागवत. दुर्गाबाई भागवतांच्या त्या धाकट्या बहीण. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवून त्या बंगळूरच्या विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अखेर अटी घालून त्यांना घेण्यात आले. तिथे श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि डाळी यांतील प्रथिनांवर काम केले. १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून त्या परतल्या, दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राच्या प्रमुख झाल्या आणि नंतर कुन्नूरच्या प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक. १९४७ साली विवाहानंतर त्या मुंबईला आल्या आणि विज्ञान संस्थेत जीवरसायनाच्या विभागात रुजू झाल्या.

मुंबईत त्यांनी हाती घेतलेला एक विषय होता नीरा. डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी सुचवल्यावरून त्यांनी हे काम केले, अशी नोंद आहे. ताडमाडांचा रस पहाटे, आंबण्यापूर्वी उतरवला की ती नीरा, आणि ऊन चढल्यावर आंबली की तीच ताडी. मडक्याला आतून चुना लावला तर आंबण्याची क्रिया लांबते, हे आमच्या किनाऱ्यावरील झाडावर चढणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. नीरा आणि ताडगूळ यांत जीवनसत्त्वे व लोह लक्षणीय प्रमाणात आहेत, हे कमलाबाईंनी दाखवले. कुपोषित आदिवासी किशोरवयीन मुलांना आणि गरोदर स्त्रियांना नीरा दिल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा होते, हेही त्यांना आढळले. या कामाला राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. दारूबंदीच्या त्या काळात, म्हणजे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर, ज्या झाडाकडे सरकारी नजर संशयाने पाहत होती, त्याच झाडात त्यांनी पोषण पाहिले. पदार्थ तोच, वेळ निराळी. पथ्याची जुनी कल्पना प्रयोगशाळेने इथे आपल्या भाषेत पुन्हा सांगितली, असे मला वाटते.

आता दुसऱ्या बहिणीची गोष्ट. दुर्गाबाई मध्य प्रांतातील आदिवासी भागात संशोधनासाठी फिरत असता त्यांच्या खाण्यात विषारी सुरण आला आणि त्यानंतरची सुमारे सहा वर्षे त्यांना अंथरुणात काढावी लागली. पीएच. डी.चे ते काम सुटले. ‘ऋतुचक्र’ (१९५६) वाचताना त्या पुस्तकातील पानाफुलांकडे पाहणाऱ्या नजरेमागे हे आजारपण उभे आहे, हे आपण वर्गात सांगतो. पण त्या घटनेचा आणखी एक अर्थ आहे. रानातला कंद खाण्यायोग्य करण्याचे ज्ञान हे एक शास्त्र आहे. आमच्या भागातील कडूकंद असाच. तो चिरून, राखेत उकळून, वाहत्या पाण्यात ठेवून, पुन्हा धुऊन मगच खायचा. ही कृती कोणत्याही कोष्टकात नसली तरी एक पायरी चुकली तर माणूस आजारी पडतो. ती घराघरांतून, बहुधा बायांच्या हातांतून, पुढे जाते. एक बहीण परीक्षानळीत ताडाचा रस तपासत होती आणि दुसरी रानातल्या कंदाने जायबंदी झाली होती. एकाच घरातल्या या दोन कथा शेजारी ठेवल्या की, आहाराचे ज्ञान नेमके कुठे राहते, हा प्रश्न टाळता येत नाही.

कमलाबाई पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. १९६६ साली मुंबईत स्थापन झालेल्या ग्राहक मार्गदर्शक संस्थेच्या संस्थापक महिलांत त्या होत्या. अन्नभेसळीविषयी त्यांनी सामान्य ग्राहकांसाठी लिहिले आणि ‘आहार-गाथा’ हे पुस्तक मराठीत दिले. प्रयोगशाळेतून निघून बाजाराच्या पिशवीपर्यंत त्या आल्या, हा त्यांचा प्रवास मला त्यांच्या पदव्यांहून मोठा वाटतो.

४

तिसरे मूळ आमच्याच जिल्ह्यात आहे आणि त्यासाठी १९४५ या वर्षाकडे यावे लागेल. (पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. तेव्हा हा सारा ठाणे जिल्हा होता.)

त्या वर्षी या किनारपट्टीवर दोन गोष्टी घडल्या. मे महिन्यात तलासरीजवळ झरी येथे वारली वेठबिगारीविरुद्ध एकत्र आले. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) मध्ये या लढ्याची हकिगत लिहिली आहे. त्या पुस्तकाचा अभ्यास आपण बहुधा आत्मपर लेखन किंवा चळवळीचे साहित्य म्हणून करतो. एकदा ते भुकेचे पुस्तक म्हणूनही वाचून पाहावे. खावटीचे धान्य उसने घेणे, त्याचे व्याज धान्यातच फेडणे आणि त्यापायी पिढ्यान्पिढ्या राबणे, ही साखळी समजल्याशिवाय इथल्या आहाराचे कोणतेही कोष्टक वाचता येणार नाही. अन्न नव्हते याचे कारण जमीन दुसऱ्याची होती. पोषणाचे ज्ञान कमी असल्याचा त्यात प्रश्नच नव्हता.

त्याच वर्षी बोर्डी येथे ताराबाई मोडकांनी ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर शाळा पाड्यावर, घरासमोरच्या अंगणात नेण्याची कल्पना निघाली. हीच अंगणवाडी. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही आली. अंगणवाडीत अक्षरांच्या आधी आंघोळ आली, नखे आणि केस आले, खाऊ आला. भुकेले मूल शिकत नाही, हे तिथे कोणाला सिद्धान्त म्हणून मांडावे लागले नाही. ते रोज सकाळी समोर बसलेले असे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्राला ‘अंगणवाडी’ हेच नाव दिले. डहाणूच्या एका कोपऱ्यात जन्मलेला मराठी शब्द साऱ्या देशाच्या पोषणव्यवस्थेचे नाव झाला. आपल्या भाषेच्या अभ्यासकांनी या शब्दाची फारशी दखल घेतली नाही, याचे वाईट वाटते.

पण शब्द गेला तसे त्यातले अंगण सोबत गेले का? १९९२-९३ साली याच पट्ट्यात, जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला. मंत्री आले, पत्रकार आले, योजना आल्या. २००५ साली राज्याने राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन केले. गावपातळीवर ग्राम बालविकास केंद्रे आणि इस्पितळांत पोषण पुनर्वसन केंद्रे आली. २०१५ साली आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांसाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून एक वेळचे पूर्ण जेवण सुरू झाले. तरीही २०१६ साली पालघरमधील बालमृत्यू पुन्हा वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आले. या साऱ्या योजनांमुळे काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र योजना ज्यांच्या हातांनी पोचते त्या अंगणवाडी सेविकेला पगार मिळत नाही, मानधन मिळते. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली सांगावे लागले.

५

आता नोंदणीकडे येऊ. महाविद्यालयीन पातळीवर हा विषय गृहविज्ञानाच्या दारातून आला. दिल्लीचे लेडी आयर्विन महाविद्यालय १९३२ चे. मुंबईत महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाने आणि निर्मला निकेतनने हे शिक्षण रुजवले. गृहविज्ञानाकडे आपण, विशेषतः साहित्याचे लोक, थोडे तुच्छतेने पाहत आलो आहोत. मुलींना घरकामच शिकवायचे तर महाविद्यालय कशाला, असा टोमणा त्यामागे असतो. पण दुसरी बाजू पाहावी. मुलीने शिकावे की नाही याची घरोघर चर्चा होत असताना ‘घरालाच उपयोगी पडेल’ या सबबीवर असंख्य मुली प्रयोगशाळेत पोचल्या, रसायनशास्त्र शिकल्या, आणि त्यातल्या कित्येकींनी इस्पितळाच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. ज्या सबबीने दार उघडले तिनेच छतही ठेंगणे ठेवले, हेही खरेच. आहारतज्ज्ञ बाई म्हणजे डॉक्टरांनी सांगितल्यावर तक्ता देणारी, एवढीच तिची जागा पुष्कळ काळ राहिली.

१९६३ साली भारतीय आहारशास्त्र संघटना स्थापन झाली. डॉ. सी. गोपालन यांच्यासारखा मोठा संशोधक तिच्या मुळाशी होता. संघटनेने पुढे ‘नोंदणीकृत आहारतज्ज्ञ’ ही पात्रता आणली. पदव्युत्तर शिक्षण, इस्पितळातील प्रशिक्षण आणि मग परीक्षा, असा तिचा क्रम. ही व्यवस्था व्यावसायिकांनी स्वतःवर घालून घेतलेली शिस्त होती, कायद्याचे पाठबळ तिला नव्हते. त्यामुळे सहा महिन्यांचा वर्ग केलेला किंवा काहीच न केलेला माणूसही पाटी लावून बसू शकत होता. वजन घटवण्याच्या बाजाराने याचा पुरेपूर लाभ घेतला. २०२१ साली संसदेने संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांविषयीचा राष्ट्रीय आयोग कायदा केला. त्याच्या अनुसूचीत पोषणशास्त्राचे व्यावसायिक आले आणि राज्य परिषदांकडे नोंदणीची तरतूद झाली. मूत्रपिंड निकामी होत असलेल्या रुग्णाला पोटॅशियम किती चालेल, नळीवाटे अन्न देताना काय द्यावे, मधुमेही गरोदर स्त्रीचा दिवस कसा आखावा, या गोष्टी चुकल्या तर माणूस दगावतो. तिथे नोंदणी हवीच. ती मुलगी ही परीक्षा देते आहे याचा मला आनंदच आहे.

बोईसर-तारापूर पट्ट्यात तर या कामाची गरज डोळ्यांना दिसते. तारापूरचे अणुवीजकेंद्र १९६९ साली सुरू झाले आणि पुढे औद्योगिक वसाहत वाढली. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४६ व्या कलमाने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात कॅन्टीन सांगितले होते. ज्यांचे आजोबा नाचणीच्या आंबिलीवर शेत राखत, ते नातू तीन पाळ्यांत यंत्रांवर उभे राहतात आणि पहाटे वडापाव खातात. याच तालुक्यांत एका टोकाला खुरटलेले मूल आणि दुसऱ्या टोकाला तिशीत साखर वाढलेला कामगार भेटतो. कित्येकदा ते एकाच घरात असतात. इतके व्यापक काम समोर असताना हा पेशा म्हणजे केवळ सडपातळ होऊ पाहणाऱ्यांची सोय, असे कोणी समजू नये.

६

प्रश्न उरतो तो आजीच्या वहीचा. त्या मुलीने मला प्रशिक्षणाच्या काळातला एक प्रसंग सांगितला. डोंगरी पाड्यावरून आलेल्या एका रुग्ण स्त्रीला घरी सोडताना छापील आहारपत्रक दिले गेले. त्यात सफरचंद, पनीर आणि ओट्स होते. बाईने ते व्यवस्थित घडी करून कमरेला खोचले. तिला वाचता येत नव्हते. वाचता आले असते तरी फरक पडला नसता. आकड्यांच्या दृष्टीने पत्रक बिनचूक होते. नोंदणी, पदवी, कोष्टक सारे काही जागच्या जागी होते, आणि त्या बाईच्या चुलीपर्यंत त्यातले अक्षरही पोचणार नव्हते.

आपल्या क्षेत्रात अशा मजकुराला आपण काय म्हणू? वाईट अनुवाद म्हणू. मूळ भाषा येते आणि लक्ष्यभाषा येत नाही, अशा अनुवादकाचे काम. आहारतज्ज्ञाचे खरे कौशल्य मला इथे दिसते. ग्रॅमचे वाटीत, वाटीचे ओंजळीत, लोहाचे टाकळ्यात, चुन्याचे नाचणीत आणि चिंबोरीत रूपांतर करता येणे, आणि उलट दिशेने आजीच्या ‘भात आणि डाळ’ या दोन शब्दांमागचे न सांगितलेले ऐकता येणे. त्यासाठी रसायनशास्त्र लागतेच, पण भाषाही लागते. विचारणाऱ्याने ‘जेवलात काय?’ असे विचारले तर एक उत्तर येते आणि ‘काल नदीवर गेला होतात का?’ असे विचारले तर दुसरे.

टेंपलच्या पौंडातून मात्रा आली, पथ्यातून नाते आले, आणि बोर्डीच्या अंगणातून हे कळले की, माणूस आपल्याकडे येत नसेल तर आपण त्याच्या दारात जावे. पेशाच्या या तीन मुळांपैकी परीक्षेत विचारले जाते ते बहुतांशी पहिले. दुसरे थोडेफार. तिसऱ्यासाठी गुण नाहीत, आणि ते ज्यांना येते त्या अंगणवाडीच्या बाईंसाठी नोंदणीपुस्तकात रकाना नाही. इथे दोष एखाद्या परिषदेचा नसून आपण ज्ञान कशाला म्हणतो त्याचा आहे. कमलाबाईंनी ताडाच्या झाडाकडे आणि ताराबाईंनी अंगणाकडे ज्या गांभीर्याने पाहिले, ते गांभीर्य अभ्यासक्रमात कसे आणावे, याचे उत्तर पोषणशास्त्राच्या प्राध्यापकांनी एकट्यानेच शोधावे असेही नाही. शेजारच्या वर्गात आपण मराठी शिकवत असतो.

निघताना त्या मुलीची वही मी पुन्हा पाहिली. तिने आधीचे पान फाडले नव्हते. भात-डाळीच्या आकड्यांखाली एक रेघ मारून तिने लिहिले होते : चिंबोऱ्या सहा, टाकळा दोन जुड्या, जवळा एक मूठ. ‘मूठ कोणाची?’ असे मी विचारले. ती हसली आणि आत जाऊन आजीची मूठ मोजून आली.